ताई, तुमच्या विधेयकाचं काय झालं

ताई, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीहून कळलं की तुमच्यामागोमाग तुमचं विधेयकही गेलं. खासदार गेला की त्याने मांडलेलं खासगी विधेयक प्रलंबित यादीतून काढून टाकतात, तसा नियमच आहे. मला तो माहीत होता, आयुष्यभर नियमांवरच पोट भरलेला माणूस मी. तरी फोन ठेवल्यावर ऑफिसातल्या तुमच्या खुर्चीकडे बघून मी मोठ्याने म्हटलं, "बघा, तुमच्याशिवाय त्याचंही मन रमलं नाही." शेजारच्या फरसाणवाल्या शेठनी ते ऐकलं. "दलवीकाका, किससे बात कर रहे हो?" ताईंशी, म्हटलं. त्यांनी थोडा गरम फाफडा कागदावर घालून पाठवून दिला.

तुमच्यावर छापून आलेलं सगळं वाचलं. नगरसेविका, मग खासदार, विरोधी बाकांवरचा अभ्यासू आवाज वगैरे. 'अभ्यासू' वाचून तुम्ही हसला असतात. तुमचा अभ्यास म्हणजे उत्तनकडे जाणारी बस, चौक गावातला एक ओटा आणि तिथला बिनदुधाचा चहा. तुमची जीवनकहाणी मी इथे लिहिणार नाही, ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपलं एक भांडण राहिलंय, आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही. तेवढ्यासाठी बसलोय.

आपली ओळखच मुळात माझ्या खोडसाळपणाने झाली. निवृत्त होऊन मी नुकताच मुंबईतून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो होतो. वेळ जाता जात नव्हता. तुमच्या खासदारकीच्या प्रचाराचं पत्रक दाराखालून आत आलं आणि मला काम मिळालं. लाल पेन घेऊन मी ते तपासलं. त्यात एक वाक्य होतं, 'दिव्यांगांना सर्व सोयी उपलब्ध करून देण्याबाबत प्रयत्न करण्यात येतील.' मी समासात लिहिलं, 'म्हणजे काहीही करण्यात येणार नाही. हे वाक्य मी तीस वर्षं लिहिलं आहे.' आणि पत्रक तुमच्या कार्यकर्त्याच्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तीन जिने चढून आलात. आमच्या सोसायटीची लिफ्ट तेव्हाही बंद होती. धापा टाकत तुम्ही दारात उभ्या, हातात तो कागद. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कुठे होतात तुम्ही नोकरीला?"

समाजकल्याण बघणाऱ्या एका सरकारी खात्यात टेबल सांभाळत होतो, असं मी सांगितलं. सभागृहात प्रश्न आला की उत्तर तयार करणं हे माझं काम. 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' 'बाब विचाराधीन आहे.' लोकांच्या तोंडाला पानं पुसायची, पण शुद्ध मराठीत. तुम्ही आत येऊन पंख्याखाली बसलात, पाणी मागितलंत आणि म्हणालात, "काका, पळवाटा सगळ्या तुम्हीच बांधल्यात. आता मला फिरून दाखवा ना कुठे कुठे आहेत त्या."

मोरव्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या ऑफिसच्या गाळ्यात मी दुसऱ्या सकाळपासून यायला लागलो ते लागलोच.

तुम्ही निवडून आलात आणि संसदेतल्या पहिल्याच प्रश्नात आपण तोंडावर पडलो, आठवतं? इतक्या वर्षांचा अनुभव, आणि मी लिहून दिलं, 'सर्व सरकारी कचेऱ्यांत दिव्यांगांसाठी उतार बांधण्यात आले आहेत काय? नसल्यास, कारणे काय?' दिल्लीहून उत्तर आलं, 'होय. प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. मी असतो तर मीही हेच उत्तर दिलं असतं. तुम्ही मला रागावला नाहीत. त्या दुपारी व्हीलचेअरवरच्या एका गृहस्थांना घेऊन तुम्ही इथल्याच एका कचेरीत गेलात. उतार होता. चांगला गुळगुळीत, निळा रंग दिलेला. वर टोकाला लोखंडी जाळी, आणि जाळीला कुलूप. किल्ली कोणाकडे, ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या अधिवेशनात आपण विचारलं, यांपैकी किती उतारांवरून व्हीलचेअरवरचा माणूस एकट्याने आत पोचू शकतो? त्या उत्तराला फार महिने लागले, पण त्या मधल्या महिन्यांत बऱ्याच ठिकाणची कुलपं निघाली. तुम्ही गाळ्यात येऊन म्हणालात, "काका, उत्तर नाही आलं तरी चालेल आता."

मी कुरकुर करत राहिलो. कुरकुर हा माझा स्वभाव, त्याला तुमचा इलाज नव्हता. पण आत कुठेतरी मी खूष होतो. निवृत्तीनंतर माणसं नातवंडांना बागेत नेतात, मी मंत्र्यांना कोंडीत पकडत होतो. याहून बरं म्हातारपण मला मिळालं नसतं. हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणतो.

आग्नेसमावशी आपल्याला भेटली ती बँकेच्या पायऱ्यांवर. चौक गावातली, उभा जन्म मासळी साफ करण्यात गेलेला. कंबरेचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालणारी. म्हातारपणाची सरकारी पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सांगायला तिला चौकातून बस, मग रिक्षा, मग बँकेच्या चार पायऱ्या एवढं करून यावं लागायचं. आल्यावर मशीनवर अंगठा ठेवायचा. सुरीने आणि बर्फाने तिच्या बोटांच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या होत्या. मशीनने अंगठा घेतला नाही, पेन्शन थांबली. काउंटरवरची मुलगी बिचारी रडकुंडीला आली होती, तिच्यापुढे नियम होता. मावशी मात्र खणखणीत आवाजात विचारत होती, "मी हाय का न्हाय, ते आता मशीन सांगनार?"

तुम्ही तिला रिक्षात घालून थेट घरी सोडायला गेलात आणि मला बरोबर ओढलंत. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मधून वाट काढत आपण तिच्या ओट्यावर पोचलो. माझा रुमाल नाकाला. मावशी म्हणाली, "या भटाला बाहेरच ठेव गो मालतीबाय." मी भट नाही, हे मी तिला पुढे अनेकदा सांगितलं. तिच्या लेखी नाकाला रुमाल लावतो तो भट.

तिच्यासाठी विचारलेल्या प्रश्नाचा परिणाम झाला. त्या पट्ट्यातल्या गावांत शिबिर लागलं, घरोघर माणूस पाठवून पडताळणी झाली, मावशीची पेन्शन सुरू झाली. आणि शिबिराच्या समारोपाला बॅनर कोणाचा? शेजारच्या मतदारसंघातल्या सत्ताधारी पक्षाच्या त्या तरुण खासदाराचा. 'यांच्या अथक प्रयत्नांतून.' हात जोडलेला फोटो, माणसापेक्षा मोठा. तुम्ही चौथ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात आणि त्याचं भाषण संपल्यावर टाळ्या वाजवल्यात. मनापासून. मी बघत होतो, खोट्या नव्हत्या त्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या बसमध्येच मी तोंड सोडलं.

"तोंडचा घास पळवला त्याने तुमच्या. आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

"मावशीकडे माणूस आला की नाही?"

"आला. पण..."

"मग पण काय त्यात?"

"लोकांना कळायला नको, कोणी केलं ते? विरोधी पक्षात बसून तुमच्या हातात नावाशिवाय आहे काय दुसरं? तेही वाटत सुटलात तर पुढच्या वेळी घरी बसाल."

तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. म्हणालात, "बसीन. पण टेन्शन तुम्ही घेताय, मी कुठे घेतलंय?"

आठ दिवस मी गाळ्यावर फिरकलो नाही. नवव्या दिवशी तुम्ही पुन्हा तीन जिने चढलात. लिफ्ट चालू होती, पण तुमचा तिच्यावर विश्वास नव्हता. "काका, भांडण तसंच ठेवूया," म्हणालात, "नंतर कधीतरी पुरं करू. सध्या काम फार आहे." मी चप्पल घातली. ते भांडण मग राहिलंच. मधूनमधून मी ते उकरून काढायचो, तुम्ही विषय बदलायचात. माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं. काम करणाऱ्याचं नाव कामावर असलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी काम कशाला करील?

पुढच्या वर्षी शिबिर लागलं नाही. बॅनरही नाही. मावशी पुन्हा बस, रिक्षा, चार पायऱ्या करून आली, अंगठा पुन्हा फुकट गेला. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा चिडलेल्या दिसलात. "शिबिर नको, कायदा पाहिजे," म्हणालात. तिथून ते विधेयक सुरू झालं. त्यात मोठं काही नव्हतंच. जिवंत असल्याची खात्री करायला म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसाने कचेरीत जायचं नाही, कचेरीने त्याच्या घरी यायचं. आणि अंगठा उमटला नाही म्हणून कोणाची पेन्शन थांबवायची नाही.

तुमची एक पद्धत होती. दिल्लीला जाणारा प्रत्येक कागद आधी ज्याच्यासाठी आहे त्याला वाचून दाखवायचा. मला ते नाटक वाटायचं. विधेयकाचा पहिला मसुदा घेऊन आपण चौकाला गेलो. मावशी ओट्यावर बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत होती. मी घसा साफ करून वाचायला लागलो. 'संबंधित अधिकारी शक्य असेल तेथे लाभार्थ्याच्या निवासस्थानी जाऊन पडताळणी करील.'

मावशीने हातातली करंदी खाली ठेवली. "म्हंजे न्हाय येनार."

तुम्ही इतक्या हसलात की चहा साडीवर सांडला. मी कागद पुन्हा वाचला. 'शक्य असेल तेथे' मी विचार करून लिहिलंच नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला होता. तीस वर्षं ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने. तुम्ही पदराने चहा पुसत पेन माझ्यापुढे धरलंत आणि तिथेच, बोंबलांच्या वासात, मी ते तीन शब्द खोडले. मावशी म्हणाली, "आता वाच." मी वाचलं. "आता येल," ती म्हणाली आणि पुन्हा करंदी उचलली.

एका शुक्रवारी दुपारी तुम्ही ते मांडलंत. मी टीव्हीवर बघत होतो. सभागृह अर्ध्याहून जास्त रिकामं. तुम्ही उभ्या राहिलात, दोन वाक्यं बोललात, खाली बसलात. संध्याकाळी फोन आला. "मांडलं, काका. आणि तो आपला बॅनरवाला होता समोर. कान देऊन ऐकत होता हो." मी म्हटलं, पुढच्या बॅनरची तयारी करत असेल. तुम्ही फोनवर खो खो हसलात.

त्यानंतर वाट बघणं. अशी विधेयकं ढिगाने पडलेली असतात, चर्चेला कोणतं घ्यायचं ते चिठ्ठ्या काढून ठरतं. आपली चिठ्ठी निघाली नाही. मग तुमचं दुखणं निघालं.

हॉस्पिटलात मी शेवटचा आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "चिठ्ठी निघाली?" नाही म्हटलं. "निघेल," म्हणालात आणि मला मोसंबं सोलून खायला लावलंत, पेशंट जणू मीच होतो. त्या दिवशी मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला आलो होतो. रिक्षात वाक्यं जुळवत आलो होतो. पण तुम्ही हसतमुख होतात, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. मी मोसंबं खाल्लं आणि उठलो. मला वाटलं, पुढच्या खेपेला सांगू.

तर ती गोष्ट आता सांगतो. पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा स्वतः समोर उभं राहिलं पाहिजे, तो नियम आमच्या खात्याच्या एका जुन्या परिपत्रकातून आला. 'लाभार्थ्याने स्वतः उपस्थित राहणे बंधनकारक राहील. कोणत्याही कारणास्तव सूट देण्यात येणार नाही.' सही साहेबांची होती. वाक्य माझं होतं, ताई. मेलेल्या माणसांच्या नावावर कोणीतरी पैसे उचलत होतं, साहेब म्हणाले काहीतरी कडक लिहा. मी लिहिलं. दुसरं वाक्य तर साहेबांनी मागितलंही नव्हतं. पहिलं एकटं जरा बोडकं दिसत होतं म्हणून मी ते जोडलं, आणि चांगलं जमलं म्हणून डबा खाताना खुशीत होतो. नंतर मशीनं आली, पण वाक्य तेच राहिलं. बँकेच्या पायऱ्यांवर मावशीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते मला पाठ होतं, शब्दन् शब्द. इतकी वर्षं तुमच्या गाळ्यात बसून मी स्वतःच्या अक्षरावर काट मारायची धडपड करत होतो. तुम्हाला वाटलं असेल, काका तत्त्वाचे आहेत. तुमचा तो समज तसाच राहावा, एवढ्याच लोभापायी बोललो नाही.

आता विधेयक यादीतून गेलं म्हणजे माझं वाक्य राहिलं. दिल्लीचा फोन आल्यावर मला जो हादरा बसला तो याचा होता. तुमच्या जाण्याचं दुःख मला पेलत होतं. तुम्ही भरभरून जगलात, हसत गेलात. हे मात्र पेलेना.

आणि चारच दिवसांनी त्याचा फोन आला. बॅनरवाल्याचा. आवाज नरम होता. "काका, ताईंच्या बिलाचा ड्राफ्ट आहे ना तुमच्याकडे? मी आणतो ते माझ्या नावावर. आमच्या बाजूने आलं तर मंत्री निदान वाचतील तरी. फक्त काका, ताईंचं नाव नाही घेता येणार मला. पार्टीत प्रॉब्लेम होतो. तुम्ही समजून घ्याल."

मी समजून वगैरे घेतलं नाही. कळवतो, एवढं बोलून फोन आपटला. दोन दिवस मी घरात येरझारा घालत होतो. ताईंचं शेवटचं काम, आणि तेही याच्या पदरात टाकायचं? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं, त्याचाच तर राग होता. तुम्ही समोर असताना निदान वाद तरी घालता यायचा.

तिसऱ्या दिवशी बस पकडून चौकाला गेलो. एकटा पहिल्यांदाच. मावशी ओट्यावर होती. तुम्ही गेल्याचं तिला माहीत होतं, चर्चमध्ये तुमच्यासाठी मिस्सा ठेवली होती म्हणे तिने. मी मसुदा बाहेर काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग सांगितलं, की हे आता दुसऱ्याच्या नावाने जाईल, मालतीबाईचं नाव त्यात कुठे असणार नाही.

"घरी येल ना मानूस?" तिने विचारलं.

"झालं मंजूर तर येईल."

"मंग?"

तुमच्यासारखंच. मग मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. तो नियम, ते वाक्य, मी लिहिलेलं. तुम्हाला सांगायचं राहिलं ते तिला सांगून टाकलं. ज्या बाईला मी इतकी वर्षं पायऱ्या चढायला लावल्या, ती समोर बसली होती.

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग पाय लांब केले, मोडलेल्या कंबरेवरून हात फिरवला. "तू लिवला व्हय," म्हणाली. "मना वाटला, मोठा कोन सायब असेल." मी खाली बघत राहिलो. "मंग आता पुस की. बसलास काय असा? नाव कोनाचा का असेना, पुसनारा हात तुझाच हाय." आणि आत बघून ओरडली, "च्या ठेव गो, भट आलाय."

चहा पिऊन मी स्टॉपवर आलो. बस यायची होती. तिथूनच त्याला फोन लावला आणि म्हटलं, सोमवारी माणूस पाठवा, मसुदा तयार आहे, एकही शब्द बदलायचा नाही एवढीच अट. तो फार आभार मानायला लागला. मग त्याने विचारलं, "काका, ताईंचं नाव नाही, चालेल ना तुम्हाला?"

चालेल म्हणालो, ताई. आपलं भांडण तुम्ही जिंकलात. हरताना मला जराही वाईट वाटलं नाही, एवढंच कळवायचं होतं.